चौदा दिवस दंडावर शुगरचा सेन्सर: माझा अनुभव

माझं वय 44, नोकरी बँकेत, राहणार सातारा. सहा वर्षांत वजन 64 वरून 78 किलोवर गेलं, कंबर 96 सेंटीमीटर झाली. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या पुढे धोका धरतात. मधे एका वजन घटवणाऱ्या केंद्राची पावडर जेवणाऐवजी घेतली. 5 किलो उतरले, पावडर थांबवली आणि 7 चढले. तिथे एकदाही कुणी रक्त तपासायला सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मग एका डॉक्टरांनी नीट तपासलं. थायरॉईड व्यवस्थित निघालं. ते म्हणाले, थायरॉईड कमी पडलं तरी सहसा अडीच ते पाच किलो वाढतात आणि त्यातही बराच भाग पाणी-मिठाचा असतो. चौदा किलो त्याच्या नावावर टाकता येत नाहीत. एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6.0 आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी साखर 104, इन्सुलिन 19. दोन्हींचा गुणाकार करून 405 ने भागायचं, माझं उत्तर 4.9. साधारण अडीचच्या वर गेलं की इन्सुलिन रेझिस्टन्सचा संशय घेतात. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली.

म्हणजे पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते आणखी ओततं. आणि रक्तात इन्सुलिन जास्त असलं की साठवलेली चरबी सहज बाहेर पडत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं 2004 सालचं उदाहरण मला तेव्हा कळलं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपली बारीक दिसणारी माणसंही आतून चरबी बाळगून असतात, ते असं.

आता सेन्सर. मला साडेचार हजारांच्या आसपास पडला. दंडाच्या मागे चिकटवायचा, केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते. लावताना टिचकी मारल्याइतकंच दुखलं. अंघोळ चालते, मोबाईलवर दिवसभराचा आलेख दिसतो. पहिल्या दिवशीचे आकडे मनावर घेऊ नका. त्या कुशीवर झोपलं की साखर खोटी खाली दिसते, मी दोनदा दचकून उठले. हा साखर रक्तात मोजत नाही, पेशींच्या अवतीभवतीच्या पाण्यात मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो.

मला खरी किंमत मिळाली ती स्वयंपाकघरात. सकाळी बशीभर पोहे आणि गोड चहा घेतला, तर पाऊण तासात 98 वरून 168. तेच पोहे निम्मे, सोबत मटकीची उसळ आणि बिनसाखरेचा चहा, तर 136. संकष्टीच्या साबुदाण्याच्या खिचडीने 187 गाठलं. सासूबाईंना आलेख दाखवला, त्या म्हणाल्या, "अगं, मग उपवासाला राजगिरा आणि ताक घेत जा." भाकरीबद्दल मात्र माझा समज चुकला होता. ज्वारीची म्हणून मी तीन खायची, आकडा पोळ्यांइतकाच चढायचा. आता एक भाकरी आणि भरपूर पालेभाजी.

रात्री जेवून पोवई नाक्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालले की चढण निम्म्यावर यायची. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. आणि मार्चएंडच्या त्या आठवड्यात चार तास झोपून उठले, त्या सकाळी काही न खाता 113! झोपेचा इतका संबंध असेल हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

उणीव मोठी आहे, ती सांगायलाच हवी. हा साखर दाखवतो, इन्सुलिन दाखवत नाही. आकडे छान दिसतात तेव्हाही आत इन्सुलिन दुप्पट राबत असू शकतं. तेल-तूप आणि शेंगदाण्यांनी आलेख जवळपास सपाट राहतो, म्हणून ते कितीही खाल्लं तर वजन वाढणारच. वजन वाढतंय म्हणून आधी सेन्सर घेऊ नका. आधी थायरॉईड, एचबीए1सी, यकृत तपासा आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइड आणि मनाच्या आजाराची काही औषधंही वजन वाढवतात. ती मनाने बंद मात्र करू नका.

सेन्सर काढून चार महिने झाले. साडेसातला जेवण, आठवड्यातून तीनदा डंबेल्स, साडेसहा तास झोप. वजन 73.5, कंबर 89, एचबीए1सी 5.6. सगळं श्रेय सेन्सरचं नाही, पण सुरुवात त्याने करून दिली. पाचपैकी चार तारे.

दुसरा मे महिन्यात लावणार आहे. हापूसची एक फोड जेवणासोबत आणि एक संध्याकाळी रिकाम्या पोटी, यातला फरक मला बघायचाय.