नमुना एक, माल दुसरा : पायाला बांधायच्या चाकांच्या साधनाच्या खरेदीत झालेली फसवणूक

फरशी बसवणारे, सांधे भरणारे, कारखान्यातील जमिनीवर इपॉक्सीचा लेप देणारे आणि गॅरेजमध्ये गाडीच्या खालच्या भागाचे काम करणारे कारागीर यांच्यासाठी पायाला बांधायचे एक चाकांचे साधन मिळते. ते घेऊन नाशिकमध्ये फिरणाऱ्या एका विक्रेत्याने आमची कशी फसवणूक केली, याचा तपशील येथे देत आहे. तोच माणूस, किंवा त्याच पद्धतीने काम करणारा दुसरा कोणी, अजूनही सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील ठेकेदारांकडे जात असल्याचे कानावर येते, आणि आता तो निफाड-येवल्याकडच्या शेतकऱ्यांपर्यंतही पोहोचला आहे.

साधन मुळात खोटे नाही, हे आधी सांगायला हवे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगीखाली बसेल अशी एक पन्हळ असते, तिच्यात फोमचा जाड थर असतो आणि खाली सर्व दिशांना वळणारी चार चाके असतात. पोटरीच्या मागे एक लहान गादी येते, तिच्यावर बैठक टेकते. दोन्ही पायांना पट्ट्यांनी ते बांधले की माणूस गुडघ्यावर न सरकता बसल्या बसल्या पुढे-मागे जाऊ शकतो, आणि हात कामासाठी मोकळे राहतात. गुडघा टेकून तासन्‌तास काम केल्याने गुडघ्याच्या वाटीसमोरची द्रवाची लहान पिशवी सुजते, हे या व्यवसायातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. शरीराचा भार वाटीवर न येता नडगीवर आणि बैठकीवर वाटला गेला, तर हा त्रास कमी होतो. गुळगुळीत, टणक जमिनीवर चांगल्या बनावटीचे साधन खरोखरच उपयोगी पडते, आणि या फसवणुकीचे सारे बळ त्यातच आहे. कारण विक्रेता जे दाखवतो ते खरे असते.

माझ्या धाकट्या भावाचा कारखान्यांतील जमिनी करून देण्याचा व्यवसाय आहे आणि त्याचे खरेदीचे कागद व हिशेब मी पाहतो. हा विक्रेता प्रथम सातपूरला आमच्या एका चालू कामावर आला. ट्रिमिक्सची, म्हणजे पाणी शोषून काढलेल्या काँक्रीटची, ताजी घोटलेली जमीन, तिच्यावर एकही खडा नाही, अशी जागा त्याने स्वतःच निवडली. "शेठ, एकदा पायाला बांधून बघा, मग बोला," एवढेच तो म्हणाला. आमच्या दोन कारागिरांनी ते बांधून पाहिले आणि काढायला तयार होईनात. एक नग त्याने ६,२०० रुपयांना रोखीने दिला व त्याची साधी हाताने लिहिलेली पावती केली. तो नग आमच्याकडे बरेच दिवस वापरात राहिला आणि त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. त्यानंतर बारा नगांची मागणी नोंदवली गेली, दर नगाला ५,४०० रुपये, म्हणजे ६४,८०० रुपये, अधिक १८ टक्के कर, असे एकूण ७६,४६४ रुपये. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी माल ट्रान्सपोर्टला पडल्यावर, असे ठरले.

यापुढचा भाग नीट लक्षात घ्यावा. माल निघण्याच्या सुमारास त्याने व्हॉट्सॲपवर कळवले की वॉरंटीच्या नोंदणीसाठी सर्व नगांवर एकाच मालिकेचे क्रमांक ठोकायचे आहेत, त्यामुळे जुना नग परत पाठवावा, त्याऐवजी नवीन नग त्याच खोक्यात येईल. बोलणे इतके सरळ होते की संशयाला जागाच नव्हती. त्याने माणूस पाठवला आणि नग नेला. दुसऱ्या दिवशी बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीचा, फोटो आला. माल आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळच्या एका ट्रान्सपोर्टकडे येणार होता, परंतु बिल्टी त्याने स्वतःच्याच नावाने केली होती आणि मूळ प्रत उरलेले पैसे मिळाल्यावरच मिळणार होती. पैसे भरल्याशिवाय बिल्टी नाही आणि बिल्टीशिवाय खोके उघडता येत नाही, अशी ती व्यवस्था होती. व्यापारात ही पद्धत सर्रास चालते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून कोणाला लबाड म्हणता येणार नाही. मात्र नमुना आधीच परत गेलेला असेल, तर तीच पद्धत खरेदीदाराचे दोन्ही हात बांधून टाकते.

माल सोडवला आणि खोकी उघडली, तेव्हा वरवर पाहता सारे तसेच होते. रंग तोच, पट्ट्या तशाच, फोमही जवळजवळ तेवढाच जाड. फरक चाकांत होता आणि तो उलटे करून पाहिल्याशिवाय दिसत नव्हता. नमुन्याच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा टायर होता व आत बॉल बेअरिंग होते. बोटाने फिरवले की चाक बराच वेळ आवाज न करता फिरत राही. आलेल्या मालात कडक प्लास्टिकचे चाक साध्या लोखंडी पिनेवर बसवलेले होते, त्यावर साच्याची रेघ स्पष्ट दिसत होती, आणि बोट काढताच ते जागेवर थांबत होते. जो दांडा चाकाला वळू देतो, तोही धातूऐवजी पन्हळीच्याच प्लास्टिकमध्ये ओतलेला होता. वरची पन्हळ काय, कोणत्याही साच्यातून काढता येते. या वस्तूची किंमत चाकांत असते.

यातून पुढे काय होते, हे साध्या हिशेबाने कळते. चार चाकांच्या कोणत्याही वस्तूचा भार मोजताना जाणकार चारने भागत नाहीत, तीनने भागतात, कारण जमीन कितीही सपाट असली तरी एखादे चाक अधांतरी असू शकते. ७० किलोचा माणूस कोपऱ्यातली पट्टी भरण्यासाठी एका बाजूला झुकला की त्याचा जवळजवळ सगळा भार एका पायाच्या चाकांवर जातो, म्हणजे दर चाकावर सुमारे २३ किलो. आणि सरकताना बसणारे हिसके वेगळेच. खोक्यावर मात्र "१५० किलो क्षमता" असे छापलेले होते, आणि ती क्षमता एका पायाची की दोन्ही पायांची, याचा उल्लेख कोठेही नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात फिकट राखाडी इपॉक्सीवर हे नग पहिल्यांदा वापरले, तेव्हा एक कारागीर म्हणाला, "भाऊ, हे वळतच नाही, ओढावं लागतंय." संध्याकाळपर्यंत दोन नगांचे दांडे वाकले होते आणि जमिनीवर काळपट ओरखडे उठले होते. तेवढा भाग घासून त्यावर पुन्हा लेप द्यावा लागला व त्याचा खर्च आमच्याच माथी आला. नमुन्याच्या चाकांनी त्याच जमिनीवर एक रेघही उठवली नसती.

विक्रेत्याने पहिल्या फोनवर सांगितले की नवीन चाके असतात, आठवडाभरात मोकळी होतील. दुसऱ्या फोनवर तो म्हणाला की तुमचे कारागीर वजनाने जास्त आहेत. पुढे फोन लागणे बंद झाले.

आता कागदांकडे येतो, कारण फसवणूक सिद्ध करण्यासाठी शेवटी तेच उपयोगी पडले. आम्हाला मिळालेला कागद कराचे पक्के बिल नव्हते, प्रोफॉर्मा, म्हणजे विक्रीआधी दिलेले कच्चे बिल, होता. त्यावर पत्ता भिवंडीचा होता, परंतु जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक ०७ होते. हा पंधरा अक्षरांचा क्रमांक राज्यनिहाय असतो. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, ०७ दिल्लीचा. भिवंडीच्या गोदामातून नाशिकला माल विकणाऱ्याकडे २७ ने सुरू होणारा क्रमांक हवा, आणि त्याने केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा दाखवायला हवा. या कागदावर आंतरराज्य कर म्हणून सलग १८ टक्के लावलेले होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय सर्वांना खुली आहे, तेथे लॉगिन लागत नाही. तेथे तो क्रमांक टाकल्यावर तो खरा आणि चालू असल्याचे दिसले, पण तो एका वेगळ्याच मालाच्या व्यापाऱ्याचा होता. म्हणजे "क्रमांक चालू आहे ना" एवढेच पाहून भागत नाही. तेथे येणारे नाव, व्यवसायाचे स्वरूप आणि पत्ता कागदाशी जुळवून पाहावे लागतात. शिवाय पैसे ज्या खात्यात गेले ते कागदावरील फर्मच्या नावाचे नव्हते, एका व्यक्तीच्या नावाचे होते. पक्के बिलच नसल्यामुळे ११,६६४ रुपयांचा जो कर आम्ही त्याला दिला, तो आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवरील कराची वजावट दाखवणाऱ्या विवरणात, कधीच उमटला नाही, आणि त्याची वजावटही गेली.

कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ मध्ये नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचा स्पष्ट विचार केलेला आहे. अशा विक्रीत संपूर्ण माल गुणवत्तेने नमुन्याशी जुळला पाहिजे, खरेदीदाराला माल नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि वाजवी तपासणीत न दिसणारा, माल विक्रीयोग्य राहू न देणारा दोष त्यात असता कामा नये. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात ट्रॉलीवरचा कांदा पाहून बोली लागते आणि खाली करताना आतला माल हलका निघाला की वक्कल, म्हणजे लिलावातला तो ढीग, अडते. कायद्याचा आशयही तोच आहे. परंतु ताडून पाहण्यासाठी नमुना हातात असावा लागतो. विक्रेत्याने तो आधी का काढून नेला, याचे उत्तर या कलमात आहे. नमुना त्याच्या ताब्यात गेला, तरी तो परत मागणारा त्याचाच संदेश आमच्याकडे होता आणि कारागिरांनी मजेने काढलेल्या एका चित्रफितीत नमुन्याची चाके जवळून दिसत होती. त्या दोन गोष्टींवर पुढचे सारे उभे आहे.

नाकारलेला माल परत पोहोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नाकारल्याचे कळवणे पुरेसे असते, असे कलम ४३ सांगते. मात्र वाजवी मुदतीत काहीच न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे कलम ४२ नुसार मानले जाते. त्यामुळे फोनवरच्या वादावादीपेक्षा लेखी नकार, नगांच्या फोटोंसह, त्याच आठवड्यात पाठवणे महत्त्वाचे ठरते.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तेथे एक अडचण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा "ग्राहक" ठरत नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादातून वगळलेली आहे. म्हणजे स्वतःच्या पायाला बांधण्यासाठी एक नग घेणारा फरशी मिस्त्री तेथे दाद मागू शकतो, तर कामगारांसाठी बारा नग घेणाऱ्या ठेकेदाराची तक्रार याच मुद्द्यावर अडू शकते. मिस्त्रीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सुरुवात करता येते, आणि आयोगात तक्रार त्याला आपल्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे.

पोलिसांकडे गेल्यावर पहिला प्रश्न अपेक्षितच होता, की माल तर मिळालेला आहे, मग हा दिवाणी वाद नव्हे काय. प्रश्न चुकीचा नाही. करार मोडणे म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवावे लागते. दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक वापरणे आणि माल पाठवण्याआधी नमुना काढून नेणे, या दोन गोष्टी तो हेतू दाखवतात, अशी मांडणी केल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार घेण्यात आली. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली येई. पैसे ऑनलाइन गेले असल्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावरही नोंद केली. पहिला हप्ता खात्यातून केव्हाच काढला गेला होता; दुसऱ्यातील थोडी रक्कम बँकेत गोठली आहे आणि ती सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज केलेला आहे.

शेतकऱ्यांसाठी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. हल्ली फिरणाऱ्या जाहिरातीत हेच साधन कांदा लागवडीसाठी आणि निंदणीसाठी म्हणून मराठी निवेदनासह दाखवले जाते, पण चित्रफीत परदेशातील एका गॅरेजची आहे. जमीन सिमेंटची, पलीकडे मोटारीचे चाक. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत ओल्या वाफ्यात होते. दोन-अडीच इंची चाकावर माणसाचा भार पडला की ते काळ्या मातीत रुतणारच, आणि बेअरिंग असो वा नसो, चिखल भरला की वळणारच नाही. चांगल्या प्रतीचे मूळ साधनसुद्धा या कामासाठी बनलेले नाही. विक्रेता आपल्या वाफ्यात ते चालवून दाखवायला तयार नसेल, तर पुढचे बोलणे तेथेच थांबवावे.

अशी खरेदी करायचीच असेल, तर पहिल्या नगाच्या पन्हळीवर दोघांनी तारीख घालून सही करावी, चाके उलटी करून फोटो काढावेत, मागणीपत्रात चाकाचा प्रकार, बेअरिंग आणि दर पायाची भारक्षमता लिहून घ्यावी, आणि शेवटचा नग तपासून होईपर्यंत तो नमुना कोणत्याही कारणासाठी परत देऊ नये. ज्यांचे पैसे याच प्रकारे गेले असतील, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून गप्प न बसता आपापली तक्रार १९३० वर नोंदवावी आणि पैसे ज्या खात्यात गेले तो खाते क्रमांक तिच्यात अचूक द्यावा. आमच्या तक्रारीतील खात्याविरुद्ध दुसऱ्या जिल्ह्यातूनही एक तक्रार आलेली असल्याचे तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितले आहे, आणि दोन्ही एकत्र पाहिल्या जात आहेत.