हाताने फिरवायचा बीजप्रक्रिया ड्रम: औषध प्रत्येक दाण्याला लागते का?

गोव्यातील डिचोली तालुक्यात आमच्या शेतात तरव्यासाठी, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी, लागणारे भाताचे बियाणे आजवर ताडपत्रीवर पसरून, वर औषध शिंपडून हाताने चोळले जात असे. गेल्या खरिपाआधी 20 किलो क्षमतेचा, हाताने फिरवायचा ड्रम घेतला आणि पुढे वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या हंगामातही, तोच वापरला.

बुरशीनाशकाची पांढरट भुकटी भाताच्या तुसावर नीट दिसत नाही. म्हणून पहिली चाचणी औषधाविना, शिगम्यातला उरलेला गुलाल पाण्यात कालवून, ज्योती जातीच्या जुन्या भातावर घेतली. ड्रम 20 किलोंनी भरला तेव्हा बियाणे उलटेपालटे न होता एकाच गोळ्यासारखे घसरत राहिले आणि मोजलेल्या 100 दाण्यांपैकी 30 हून अधिक कोरे निघाले; 12 किलो भरून सावकाश 40 फेरे दिले, तेव्हा कोरे दाणे फक्त 6 होते. विकणाऱ्याने मात्र 20 किलो बिनदिक्कत भरा असेच सांगितले होते.

प्रत्यक्ष औषध लावताना 12 किलो बियाण्यासाठी, किलोला 2 ग्रॅम या प्रमाणात, 24 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक 120 मिली पाण्यात कालवले. हे सगळे द्रावण एकदम ओतले की पहिल्या ओंजळीला भरपूर मिळून तिथे गुठळ्या होतात आणि बाकीच्यांना जेमतेम ओल लागते, त्यामुळे ते तीन वेळा विभागून घालावे. कोरडी भुकटी वापरून पाहिली, पण बियाणे बाहेर काढताना तिचा बराच भाग तळाशी आणि आमच्या नाकात गेला. तोंडाला फडके आणि हातमोजे घालूनच हे काम करावे. मिठाच्या 3 टक्के पाण्यातून पोचट दाणे वेगळे केले असतील, तर बियाणे धुऊन सावलीत पूर्ण सुकवल्याशिवाय ड्रममध्ये घालू नये. ओलसर दाणे एकमेकांना चिकटतात.

दोष सांगायचे तर झाकणाची रबरी कडी सैल आहे, आणि बिजागरीजवळच्या कोपऱ्यात औषध साचते. ट्रायकोडर्मा लावण्यापूर्वी तो कोपरा घासून धुवावाच लागतो, कारण कार्बेन्डाझिम त्या उपयुक्त बुरशीलाही मारते.

तरीही ताडपत्रीपेक्षा हा ड्रम निःसंशय सरस वाटला, आणि त्याचे श्रेय तिरक्या बसवलेल्या आसाला व आतल्या पात्यांना आहे. आस तिरका असल्यामुळे बियाणे गोल फिरता फिरता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडेही जाते, तर पाती ते उचलून खाली सोडतात. घेताना दुकानातच झाकण उघडून आत हात घालून पाहावा. शेजाऱ्यांनी आणलेल्या स्वस्त ड्रमात पाती नव्हती, आणि त्यांचे बियाणे शेवटी पुन्हा ताडपत्रीवरच चोळावे लागले.