युगांडात शेतजमीन भाड्याने घेताय? नुसत्या वारसाच्या सहीवर पैसे देऊ नका

मसाकाच्या पुढच्या एका गावात मिरचीसाठी चार एकर जमीन पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि आगाऊ दिलेलं सगळं भाडं बुडालं. कंपालातली आपली बरीच मंडळी सध्या अशीच जमीन शोधतायत, म्हणून लिहितोय.

जमीन मैलो, म्हणजे कायम मालकीची. टायटल अस्सल होतं, जमीन कार्यालयातल्या नोंदीतही वारलेल्या बापाचंच नाव. थोरल्या मुलाला उत्तरकार्यात सगळ्या कुळासमोर वारस नेमलेलं, त्याचे फोटो त्याने दाखवले. वर कोर्टाने त्याला मालमत्तेचा प्रशासक नेमल्याचा कागद, शिक्का आणि केस नंबरसकट. गावच्या एलसी वनच्या, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेच्या, अध्यक्षाने साक्षीदार म्हणून सही-शिक्का दिला, त्याचे पैसे वेगळे घेतले.

हद्द दाखवताना तो थोरला मुलगा लुवान्यीच्या झुडपांच्या कडेने भराभर चालत होता. एक कोपरा मात्र "तिकडे चिखल आहे" म्हणून टाळला. ट्रॅक्टर नेला त्या दिवशी तो कोपरा दिसला. मटोकेच्या केळींत बापाची सिमेंटची कबर, शेजारी दोन जुन्या, आणि पलीकडे आईचं घर. ती आणि तिच्या मुली कुदळी घेऊन ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिल्या. "माझी कॉफीची झाडं याने कुणाला विचारून दिली?" म्हातारी ओरडत होती. तिच्या हाती एक शिलिंगही पडला नव्हता. तिच्यावर माझा राग नाही. माझे पैसे गेले, तिचं तर घरदारच जात होतं.

कोर्टाच्या रजिस्टरात तो केस नंबर भलत्याच कुटुंबाचा निघाला.

मृत्युपत्र नसेल तर तिथल्या कायद्याने रूढीने नेमलेल्या वारसाला, वारस म्हणून, फक्त १ टक्का मिळतो. मुलामुलींना मिळून ७५, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला २०. कोर्टाने प्रशासक नेमल्याशिवाय मृताची जमीन परस्पर कुणालाच देता येत नाही. शिवाय मैलो जमिनीत टायटल एकाकडे आणि वर्षानुवर्षं कसणारा किबांजावाला दुसराच, हेही सर्रास असतं. त्याला १९९८ च्या जमीन कायद्याचं संरक्षण आहे.

पोलिसात तक्रार दिली आहे, पैसे आलेले नाहीत. परवा त्या थोरल्या मुलाच्या बहिणीचा फोन आला: रस्त्याकडचा तुकडा तो आता आणखी कुणाला तरी दाखवतोय. तुम्हाला कुणी अशी जमीन दाखवली असेल, तर आधी कोर्टात जाऊन केस नंबर तपासा, आणि दाखवणारा सोबत नसताना तिथे राहणाऱ्या बायकांशी बोला.