सात हात वार्निश गेलं, तेल राहिलं

माझ्या १९५१ च्या शेव्हर्लेट ३१०० पिकअपच्या लाकडी हौद्यावरून आज हात फिरवला तर हाताला लाकूड लागतं. चार वर्षांपूर्वी काच लागायची, आणि तेव्हा मला त्याच काचेचा अभिमान होता. आता लिहितोय ते शुद्ध टंग ऑइलबद्दल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचं, लाकडाला पाजायचं तेल. तीन वर्षं वापरल्यावर लिहितोय, डबा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही.

ज्यांनी असा हौदा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तळाला लांब फळ्या, दर दोन फळ्यांच्या सांध्यावर एक लोखंडी पट्टी, आणि पट्टीतून बोल्ट खालच्या आडव्या पट्ट्यांत कसलेले. पट्टी फळीपेक्षा किंचित उंच असते, म्हणजे जड खोकं ओढलं तर ते लोखंडावरून सरकतं, लाकूड वाचतं. एखादी फळी गेलीच तर तेवढीच काढून बदलायची. माझ्या जुन्या फळ्या पाइनच्या होत्या आणि बोल्टांजवळ पार भुसा झाल्या होत्या. त्या काढून मी व्हाइट ओक बसवलं.

त्यावर स्पार वार्निशचे सात हात दिले. हे वार्निश मुळात जहाजाच्या डोलकाठ्यांसाठीचं, साध्या वार्निशपेक्षा लवचीक. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये पॉलिश पेपर मारला. शेवटच्या हातानंतर हौद्यात ढग दिसायचे. जो तो मोबाइल काढून फोटो घ्यायचा, आणि मी उगाच शेजारी उभा राहायचो.

दुसऱ्या वर्षी एका पट्टीला लागून पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली. नखाने खरवडली तर वार्निशचा बोटभर पोपडा निघून आला, आणि त्याच्याखालचं लाकूड ओलं होतं. पाऊस पडून पाच दिवस झाले होते तरी ओलं!

वार्निश वाईट होतं असं मी म्हणणार नाही. चूक हिशोबाची होती. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं. सहा इंची ओकची फळी हवेतल्या दमटपणाने पाच टक्के ओल जास्त प्यायली, तर पावणेतीन मिलिमीटरपर्यंत रुंद होऊ शकते. लोखंडी पट्टी तेवढी हलत नाही. मग वार्निशचा पापुद्रा तडकतो तो नेमका पट्टीच्या कडेला, आणि तिथून आत गेलेलं पाणी त्याच पापुद्र्याखाली कोंडून बसतं. वर काच, खाली डबकं. शिवाय ओकमध्ये टॅनिन असतं. ओल्या ओकला लोखंड लागलं की शाईसारखा काळा डाग पडतो. माझी रेघ तीच होती.

सगळं खरवडायला तीन सुट्ट्या गेल्या. काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने बरेचसे निघाले (हातमोजे, चष्मा, आणि नंतर भरपूर पाणी). मग तेलाकडे वळलो.

डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘टंग ऑइल फिनिश’ लिहिलेल्या कित्येक डब्यांत बहुतेक वार्निश आणि थिनरच असतं. आपल्याला हवं ते नुसतं तेल, टंगच्या बियांमधून काढलेलं, मधाच्या रंगाचं आणि किंचित उग्र वासाचं. पहिल्या दोन हातांना मी त्यात निम्मं टर्पेंटाइन घातलं. ओतायचं, पसरायचं, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं, आणि पाऊण तासाने वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. पुसायचा कंटाळा केलात तर चिकट सुरकुत्या पडतात. एका कोपऱ्यात माझ्या पडल्याच.

खरी मजा फळीच्या टोकांशी आहे. फळीच्या पाठीवर तेल निवांत बसून राहतं, पण कापलेल्या टोकाला ब्रश लावला की सुर्रकन आत जातं. पाणीही तिथूनच तसं आत शिरतं, म्हणून टोकांना मी सहा वेळा पाजलं. कुतूहल म्हणून रेड ओकचा वीतभर तुकडा तेलात उभा धरला आणि वरच्या टोकातून फुंकलं, तर खालून बुडबुडे आले! त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकचा तुकडा घेऊन गाल दुखेपर्यंत फुंकलं, एक बुडबुडा नाही. पिंपं त्याचीच का करतात ते तेव्हा पटलं.

वरची बाजू सगळे करतात. फळ्या बसवण्याआधी खालची बाजू, कडा आणि बोल्टाची भोकंही तेलाने भिजवा. चाकांनी उडवलेलं पाणी खालूनच येतं. बोल्ट मी स्टेनलेसचे घातले, आणि पट्टीखाली फळ्यांना फुगायला फट ठेवली.

आता तक्रारी. हे तेल वाळतं अगदी सावकाश. हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण पक्कं व्हायला महिनाभर लागतो, तोवर धूळ चिकटते. उन्हापासून ते लाकडाला वाचवत नाही, माझ्या फळ्या कडेने करड्या व्हायला लागल्यात. चकाकी शून्य. सतत सावलीत आणि दमट जागी उभ्या राहणाऱ्या गाडीवर बुरशीचे ठिपकेही येतील, तेल काही बुरशीनाशक नाही. जवसाचं तेलही मी एका फळीवर करून पाहिलं. ते स्वस्त आहे आणि ड्रायर (तेल वाळवणारं रसायन) घातलेलं असेल तर लवकर वाळतं, पण वर्षभरात ती फळी बाकीच्यांपेक्षा बरीच काळवंडली.

आणि तेलाच्या फडक्यांचं हसण्यावारी नेऊ नका. वाळताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. पहिल्या दिवशी फडकी गोळा करून बादलीत टाकली होती. तासाभराने करपल्यासारखा वास आला, हात घातला तर मधलं फडकं चांगलंच तापलेलं. अशीच आग लागते, काडी न ओढता. आता एकेक फडकं बाहेर फरशीवर पसरून वाळवतो.

इतकं असूनही पाचपैकी चार तारे देतो, आणि कारण एकच: दुरुस्ती. गेल्या महिन्यात हौद्यात ओल्या मातीची पोती दोन दिवस राहिली, डाग पडला. तेवढीच जागा घासली, फडक्याने तेल लावलं, अर्ध्या तासात काम संपलं. वार्निश असतं तर अख्खी फळी खरवडावी लागली असती. वर्षातून एकदा सगळीकडे एक हात देतो, बस. रबरी मॅट मात्र टाकत नाही, तिच्याखाली ओल कोंडते आणि मग तेल असो की वार्निश, गत तीच. गाडी फक्त प्रदर्शनात नेणार असाल आणि एरवी ती गॅरेजमध्ये झाकून राहणार असेल, तर खुशाल वार्निश लावा. दिसतं झकासच.

उरलेल्या तेलाचं एक सांगायचं राहिलं. डब्यात हवा राहिली की तेलावर दुधासारखी साय धरते. मी काचेच्या गोट्या धुऊन वाळवून डब्यात सोडतो, म्हणजे तेल तोंडापर्यंत येतं आणि हवेला जागा उरत नाही. सध्या डब्यात तेल कमी आणि गोट्याच जास्त झाल्यात.