घोडबंदर रोडवरच्या शाळेत पहिली आणि दुसरी: एका आईचा अनुभव

आमची लेक ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी सीबीएसई शाळेत आहे. 2024 च्या जूनमध्ये पहिलीला घातली, आता दुसरी संपत आली. आमच्या सोसायटीतल्या पुष्कळ आया सध्या फॉर्म भरायच्या गडबडीत आहेत आणि लिफ्टमध्ये भेटलं की तोच प्रश्न, "शाळा कशी आहे हो?" लिफ्टमध्ये उत्तर देऊन भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण काही विषयांवर आमचं शाळेशी बोलणं अजून चालू आहे.

माझं मत आधीच सांगते. या शाळेतलं जे काही चांगलं आहे ते वर्गातल्या बाईंमुळे आहे, आणि त्या बाई टिकाव्यात म्हणून शाळा पुरेसं काही करत नाही. बाकीचं सगळं याच्या खाली येतं.

पहिलीच्या बाईंबद्दल बोलताना मला आजही भरून येतं. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, तरी प्रत्येकाचं काय अडतंय हे त्यांना माहीत असायचं. आमची लेक इंग्रजीतला बी आणि डी उलटा काढायची. मी घाबरून विचारायला गेले, तर त्यांनी तिची वही उघडून दाखवली. चूक कुठेच खोडलेली नव्हती, शेजारी पेन्सिलीने तेच अक्षर बरोबर काढलेलं होतं, पानापानावर. म्हणाल्या, "या वयात हे होतं, दिवाळीपर्यंत वाट बघूया." डब्याच्या सुट्टीत त्या हळू जेवणाऱ्या मुलांजवळ बसायच्या. आमची अर्धी पोळी घरी परत आणणारी मुलगी त्या वर्षी डबा संपवायला लागली.

त्याच वर्षी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के कोट्यातली मुलं वर्गात फार उशिरा आली. सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना या प्रवेशांतून सूट दिली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या सगळ्यात लहान लहान मुलांचे सुरुवातीचे महिने गेले. आमच्या वर्गात ती मुलं आली तेव्हा बाकीची छोटे शब्द वाचायला लागली होती. बाईंनी त्यांना मागच्या बाकावर एकत्र बसवलं नाही, एकेकाची जोडी लावून दिली. आमच्या लेकीची जोडीदारीण एका रिक्षाचालकाची मुलगी. गणितात ती आमच्या मुलीच्या पुढे आहे आणि दोघींचं अजून गूळपीठ आहे. तिच्या आईशी माझी ओळख त्यातूनच झाली. तिच्याकडे सहलीचे आणि स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचे पैसे मागितले जातात आणि नाही म्हणायची तिला लाज वाटते, हे कळल्यावर आम्ही काही पालकांनी ऑफिसात जाऊन विषय काढला. कपड्यांचे पैसे माफ झाले. सहलीचे झाले नाहीत. हे मला पटलेलं नाही आणि मी ते दर मीटिंगला बोलते.

दुसरीची सुरुवात तशीच छान झाली. या वर्षीच्या बाई गणिताच्या. हातच्याची बेरीज शिकवताना त्यांनी आइस्क्रीमच्या काड्या आणायला सांगितल्या, दहा काड्या झाल्या की रबर लावायचं आणि गठ्ठा डावीकडे सरकवायचा. लेक घरी येऊन फरशीवर गठ्ठे मांडून आजीला शिकवत होती. सत्तावीस आणि पस्तीस, सुट्ट्या काड्या बारा, त्यातल्या दहांना रबर, उरल्या दोन. हातचा म्हणजे काय हे तिला स्वतःच्या बोटांनी कळलं होतं.

दिवाळीनंतर त्या बाई गेल्या. ॲपवर एका ओळीची सूचना आली. पुढे कोण येणार, कधी येणार, काही नाही. जानेवारीपर्यंत कधी लायब्ररीच्या बाई, कधी चौथीच्या, कधी खेळाचे सर. काड्यांचे गठ्ठे बंद झाले, स्मार्ट बोर्डावर उदाहरण लागायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं. मुख्याध्यापिकांची भेट मागितली तर दोन आठवड्यांनंतरची मिळाली आणि तीही दहा मिनिटांची. गेलेल्या बाई मला नंतर बाजारात भेटल्या. दुसऱ्या शाळेत पगार बराच जास्त मिळाला म्हणून त्यांनी सोडलं. इथे त्यांना महिन्याला मिळायचे ते आमच्या मुलीच्या तीन महिन्यांच्या फीपेक्षा कमी होते. आमची वर्षाची फी लाखाच्या थोडी पुढे आहे, वर्गात चाळीस मुलं आहेत, हिशेब कोणीही करावा. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी जावं असं ज्यांनी होऊ दिलं त्यांना देते.

मराठीबद्दल मात्र शाळेला पूर्ण गुण. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे. काही ठिकाणी तो तास उरकला जातो असं मैत्रिणी सांगतात. इथल्या मराठीच्या बाई पुस्तकाबाहेर जातात. एकदा त्यांनी ओळखीच्या कुणाशी तरी बोलून दोन वाक्यं लिहून आणायला सांगितली. लेकीने आमच्या भाजीवाल्या मावशींना गाठलं आणि लिहिलं, "मावशी पहाटे उठतात. त्या कल्याणच्या बाजारातून भाजि आणतात." बाईंनी ऱ्हस्व वेलांटीखाली एक टिंब दिलं आणि खाली लिहिलं, "मावशींना माझा नमस्कार सांग." लेकीने तो खरोखर सांगितला. वर्गातल्या गुजराती, तमिळ, उत्तर भारतीय घरांतल्या मुलांनीही वाक्यं आणली होती आणि ती सगळी महिनाभर भिंतीवर लावलेली होती.

वेळ आणि बस यावर पालकांत दोन तट आहेत. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत असा सरकारचा निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये आला. आमची शाळा आधी सव्वासातला भरायची, नंतर 9 ची वेळ झाली. लेकीची झोप पूर्ण होते, नाश्ता बसून होतो, हा फरक मोठा आहे. पण 9 ची शाळा म्हणजे ऐन गर्दीत घोडबंदर रोड. कासारवडवलीपासून कापूरबावडीपर्यंत मेट्रोची कामं, सेवा रस्त्यांची खोदाई, गायमुखकडून येणारे ट्रक. जे पाटलीपाड्याला राहतात त्यांचं निभतं, ओवळा आणि गायमुखच्या मुलांचा सकाळचा तास बसमध्ये जातो. ज्यांचे आईवडील दोघेही 8 च्या आत लोकलला पळतात त्यांना मुलाला बसपर्यंत सोडायला माणूस शोधावा लागला. मी नव्या वेळेच्या बाजूची आहे, पण त्यांची अडचण खरी आहे आणि शाळेने त्यांच्यासाठी सकाळी लवकर वर्ग उघडा ठेवायला हवा होता. ही मागणी अजून पडून आहे.

पावसाळ्यात एका दुपारी घाटाच्या बाजूला सगळं ठप्प झालं आणि आमची बस जवळजवळ दोन तास अडकली. बसचं ठिकाण दाखवणारं ॲप नेमकं बंद, शाळेचा फोन कोणी उचलेना. बसमधल्या मावशींनी स्वतःच्या फोनवरून एकेका घरी फोन करून सांगितलं, मुलांना पाणी दिलं, गाणी म्हणायला लावली. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांत महिला सहायक असायला हवी असं का म्हटलंय ते त्या दिवशी आम्हाला उमगलं. पुढच्या सभेत आम्ही मावशींचा सत्कार करायला लावला. शाळेकडून त्या दिवसाबद्दल दिलगिरीचं पत्र आलं नाही.

सुरक्षेच्या बाबतीत सांगायचं तर, ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला त्यानंतर ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याच आईला स्वस्थ बसवत नव्हतं. शाळेने तेव्हा कामं झपाट्याने केली. कॉरिडॉरमध्ये कॅमेरे वाढले, लहान मुलांच्या स्वच्छतागृहापाशी फक्त महिला कर्मचारी, ओळखपत्राशिवाय मूल कोणाच्या हाती द्यायचं नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीचा फलक फाटकाच्या आत लागला, नावं आणि नंबरांसकट. मी त्यातल्या एका नंबरवर फोन करून पाहिला, उचलला गेला.

पुस्तकांचं थोडक्यात: एनसीईआरटीची या इयत्तांची पुस्तकं 65 रुपयांना एक मिळतात, शाळा खाजगी प्रकाशकाचा हजारोंचा संच लावते आणि त्यातल्या दोन वह्या वर्षाअखेरीस कोऱ्या असतात. दप्तर मात्र हलकं आहे, पुस्तकं वर्गातच राहतात, आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नाही हे केंद्राचं धोरण शाळा मनापासून पाळते.

फीबद्दल प्रत्येक पालकाने एक गोष्ट माहीत करून घ्यावी. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून सोडत काढून नेमायची आणि फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यायचा. मान्य झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी सोडतीची सूचना आदल्या संध्याकाळी ॲपवर आली, सभागृहात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पालक. दुसऱ्या वर्षी आम्ही आधीच लेखी पत्र दिलं, तेव्हा आठवडाभर आधी सूचना लागली आणि सभागृह भरलं. सोडतीत आमच्या दुसरीतून एका बाबांचं नाव निघालं. ते हिशेबनीस आहेत. त्यांनी शिक्षकांच्या पगारावर किती खर्च होतो ते विचारलं आणि तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. नव्या प्रस्तावावर बोलणी चालू आहेत. आमची मागणी स्पष्ट आहे: फी वाढवायची असेल तर वाढीतला ठरावीक भाग शिक्षकांच्या पगाराला जावा आणि तसं लेखी द्यावं.

लेकीला आम्ही तिसरीलाही इथेच ठेवतो आहोत. मराठीच्या बाई आहेत, बसच्या मावशी आहेत, तिची जोडीदारीण आहे, जानेवारीत आलेल्या नव्या बाईही मन लावून शिकवतात. पुढच्या वर्षी पुन्हा दिवाळीत वर्ग वाऱ्यावर सोडला गेला तर मात्र आम्ही दुसरी शाळा बघू.

तुम्ही प्रवेश घेणार असाल तर पोहण्याच्या तलावाची फेरी मारून झाल्यावर ऑफिसात तीन प्रश्न विचारा: पहिलीच्या बाई इथे किती वर्षं आहेत, गेल्या वर्षी अर्ध्यातून किती शिक्षक गेले, आणि पालक समितीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त बघायला मिळेल का. आणि फॉर्मचे पैसे भरायच्या आधी शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागून घ्या. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात, शाळा नवी असेल तर तिथेही नाव तपासून घ्या.