बुलेटला इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: एक पावसाळा वापरल्यावर (आणि अँपिअर मीटरच्या काट्याचं काय झालं)

किट वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्यांच्याकडे जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट 350 आहे आणि जे काटा बघून किक मारतात, त्यांनी पैसे मोजायच्या आधी हे वाचावं.

माझी 1993 ची आहे. पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच, काढून किट घातलं ते कंडेन्सरच्या (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) वैतागाने. हल्ली दुकानात मिळणारे कंडेन्सर पुडीतून बाहेर येतानाच आजारी असतात. गाडी थंड असताना एका किकला चालू, तापली की बंद. झाकण काढून बघावं तर पॉइंटमध्ये निळी-पांढरी ठिणगी जोरात फुटतेय आणि प्लगला मात्र पिवळट, मरतुकडा करंट. मग पॉइंट घासा, 0.35 मिमीचा गेज घाला, टायमिंग पुन्हा बघा, हात काळे करा. किट बसवलं आणि हे सगळं थांबलं. आयडलिंग एकसारखं, किकचं उलटं मारणं जवळपास बंद. सुरुवातीला मी भेटेल त्याला किट घ्यायला सांगत होतो.

फक्त एक गोष्ट खुपायला लागली. काटा मेला.

बुलेटवाल्यांना सांगायला नको. चावी लावून किक हळूहळू दाबायची. पॉइंट मिटलेले असतात तोवर काटा डावीकडे झुकलेला, म्हणजे कॉइल तीन-चार अँपिअर खातेय. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आला. तिथे डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढायचा, किक थोडी पुढे सरकवायची, सोडायची आणि मग पूर्ण मारायची. वडिलांनी मला असंच शिकवलं. या किटमध्ये इंजिन थांबलेलं असलं की कॉइलचा करंट किट स्वतःच तोडतं. कॉइल जळू नये म्हणून ते योग्यच आहे, पण काटा मध्यावर ढिम्म. आता कॉम्प्रेशन पायाने चाचपायचं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, “साहेब, आता काट्याकडे कोण बघतं?” मी बघतो. मीटर काय शोभेला दिलाय?

हे एवढं ताणतोय कारण पुढची भानगड याच काट्यामुळे लांबली. पावसाळ्यात संध्याकाळी, हेडलाइट लावलेला असताना, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी बंद पडायला लागली. कितीही किक मारा, करंट नाही. लाइट बंद करून बाजूला थोडा वेळ उभी केली की चालू. एका गॅरेजवाल्याने किट तापून जातंय म्हणून सांगितलं. दुसऱ्याने नवा मायकोचा प्लग टाकला आणि कार्ब्युरेटरही उघडला, गरज नसताना. किटवाल्याकडे फोन केला तर ‘आमचा पीस कधी परत येत नाही’. बदलून मागितलं तर पावती पाहिजे, आणि किट कुणी उघडलं असेल तर तेही चालत नाही. फोनवर माझा आवाज चढला, ते कबूल.

शेवटी तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला. कॉइलच्या पॉझिटिव्हला लावला, तर बॅटरीइतकेच व्होल्ट. सगळं ठीक दिसतंय! पण इथेच मेख आहे. इंजिन उभं, किटने करंट तोडलेला, वायरमधून काही वाहतच नाही. मग फरक दिसणार कुठून? पॉइंट असते तर काटा झुकलेला असता आणि मल्टिमीटर खोटं बोलला नसता. म्हणून कॉइलच्या निगेटिव्हवरून किटची वायर काढली आणि कॉइलचं ते टोक वायरने क्षणभर इंजिनला जोडून अर्थिंग दिलं. काटा झुकला, बरं वाटलं. पुन्हा तसंच अर्थिंग देऊन मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला. दोन व्होल्टच्या वर गळती! चावीचा स्विच आणि त्याचं काळं पडलेलं कनेक्शन ते खात होतं. सिग्नलला आयडलिंगवर अल्टरनेटर पुरत नाही, हेडलाइट ओढतोय, वर ही गळती. पॉइंटने कमी व्होल्टवरही ओढत नेलं असतं, किट ठरावीक व्होल्टच्या खाली काम सोडतं. तापण्याचा काही संबंध नव्हता.

स्विचवरून फक्त रिलेला (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) सिग्नल दिला आणि कॉइल-किटला बॅटरीवरून फ्यूज टाकून सरळ जाड वायर घेतली. खर्च कार्ब्युरेटर उघडायच्या मजुरीपेक्षा कमी. त्यानंतर सिग्नलला बंद पडलेली नाही. तेव्हा किटवर मी जो राग काढत होतो, तो मागे घेतो. विकणाऱ्यावरचा नाही. जुन्या वायरिंगवर बसवताना आधी व्होल्टची गळती मोजा, एवढं एक वाक्य डब्यावर छापायला काय जातं?

किट गाडीवरच ठेवतोय, अडीच हजार फुकट थोडेच घालवणार. पॉइंटची प्लेट मात्र साफ करून टूलबॉक्समध्ये आहे. कुणाकडे जुना, चालू, मूळचा कंडेन्सर पडून असेल तर कळवा. पैसे देईन, पण भाव करून.