मराठी दैनिकातले शब्दकोडे: काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर

मागच्या पावसाळ्यापासून घरी येणाऱ्या मराठी दैनिकातले शब्दकोडे मी जवळजवळ रोज सोडवत आलो आहे. दैनिकाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत. हा अनुभव केवळ कोड्यापुरता लिहून भागणार नाही. छापलेले कोडे, दुसऱ्या दिवशी येणारे ‘कालचे उत्तर’ आणि ते उत्तर पटवून घेण्यासाठी उघडावे लागणारे शब्दकोश, या तिन्ही गोष्टी मी एकत्रच वापरल्या आणि त्यांचे मूल्यमापनही एकत्रच करतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: चहाबरोबरचा विरंगुळा म्हणून हे कोडे साधारण आहे, पण ज्याला ‘हेच उत्तर का’ असे विचारण्याची खोड आहे, त्याच्यासाठी ते फारच चांगले आहे.

इंग्रजी कोड्यांची सवय असलेल्या वाचकाला सर्वांत आधी खटकते ती घरांची रचना. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा एका घरात रोमन लिपीतले एक अक्षर बसत होते. देवनागरीत एका घरात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर बसते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द रोमन लिपीत अकरा घरे अडवतो, आपल्याकडे चारच, आणि त्यांतल्या शेवटच्या घरात ‘ष्ट्र’ अख्खा कोंबलेला असतो. परिणामी आपले शब्द दोन, तीन, फार तर पाच घरांचे होतात आणि एका शब्दाला दुसरे शब्द छेदून जाण्याच्या जागाही कमी पडतात. मिळालेले प्रत्येक अक्षर मात्र वजनदार असते, कारण ‘क’ मिळणे आणि ‘की’ मिळणे यांत बाराखडीचे अंतर आहे. ‘की’ने संपणारे तीन अक्षरी शब्द आठवायला घेतले तर ते चटकन संपतात. म्हणजे मराठी कोड्यात छेद क्वचित मिळतो, पण मिळाला की बरेच काही सांगून जातो. हे एकदा ध्यानात आले की कोडे सोडवण्याची रीतच बदलते: आडवे शब्द क्रमाने भरत जाण्याऐवजी ज्या घरात मात्रा किंवा जोडाक्षर येण्याचा संभव आहे, तेथून सुरुवात करणे फायद्याचे ठरते.

या रचनेचाच एक दुष्परिणाम असा की कोडेकारांना बिनमात्रेचे शब्द फार प्रिय असतात. नयन, वदन, सदन, नमन, कनक, मदन, रव, खग, नभ ही मंडळी इतक्या वेळा भेटतात की महिन्याभरात त्यांची घरच्यासारखी ओळख होते. बोलताना कोणी पक्ष्याला खग म्हणत नाही, तरी कोड्यात तो आठवड्याला एकदा उडून जातोच. सुरुवातीला याचा कंटाळा येत असे. पुढे याच संस्कृत शब्दांनी मला या उद्योगात सर्वाधिक गुंतवले, ते कसे हे जरा तपशिलाने सांगतो.

‘कमळ (३)’ हा संकेत घ्या. शेवटच्या घरात ‘ज’ आधीच मिळालेला आहे. नवख्याला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात काहीच झालेले नसते, कारण पंकज, नीरज, सरोज, अंबुज, वारिज, जलज या सगळ्यांच्या शेवटी ‘ज’च आहे. ‘ज’ म्हणजे जन्मलेले. पंक म्हणजे चिखल, सरस् म्हणजे तळे, आणि नीर, अंबु, वारि, जल ही पाण्याची नावे. येथे उपयोगी पडते ते मधले किंवा पहिले घर. एवढे कळल्यावर ‘ढग (३)’ आला तरी अडत नाही: त्याच पाण्याला ‘द’, म्हणजे देणारा, जोडला की नीरद, अंबुद, वारिद, जलद तयार. ‘समुद्र (३)’ असेल तर धारण करणारा ‘धी’ जोडून जलधी, अंबुधी, वारिधी. पाण्याची चार नावे आणि तीन शेपट्या एवढ्या भांडवलावर डझनभर उत्तरे हाती येतात, आणि ती पाठ केलेली नसल्यामुळे विसरतही नाहीत. खगाचेही तसेच आहे. ‘ग’ म्हणजे जाणारा; ख म्हणजे आकाश, म्हणून खग; उराने सरपटतो तो उरग; वेगाने जातो तो तुरग; आणि मुळीच जात नाही तो नग, म्हणजे पर्वत. नग हा शब्द पर्वतासाठी का, हे ‘कालच्या उत्तरा’त कधीच छापलेले नसते. ते स्वतःच शोधावे लागते, आणि माझ्या मते या वस्तूचा खरा उपयोग तेथूनच सुरू होतो.

महाभारतातल्या नावांचे संकेतही याच पद्धतीने सुटतात. कौंतेय, राधेय, गांगेय, वैनतेय ही आईवरून पडलेली नावे आहेत हे कळले की कर्णाला राधेय का म्हणतात हा प्रश्न उरत नाही: कुंतीने जन्म दिला, पण वाढवले राधेने. ‘अर्जुन (४)’ यात मात्र धनंजय, सव्यसाची आणि गुडाकेश असे तीन उमेदवार उभे राहतात, आणि छेदावाचून निवाडा होत नाही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार ढिसाळ संकेतांची आहे. एकदा ‘बैलाला आवरायची दोरी (३)’ असा संकेत आला होता. वेसण आणि कासरा हे दोन्ही शब्द तीन अक्षरी आहेत, दोन्ही दोऱ्या बैलाला आवरण्यासाठीच असतात, आणि कहर म्हणजे दोन्हींचे मधले अक्षर ‘स’ आहे. त्या कोड्यात छेद फक्त त्याच मधल्या घरातून जात होता. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आले, ‘कासरा’. ‘वेसण’ का नाही, याचे उत्तर संकेतात कोठेच नव्हते. वेसण बैलाच्या नाकात असते आणि कासरा हाकणाऱ्याच्या हातात असतो, गोठ्यात बांधायची दोरी ती दावे. ‘गाडीवानाच्या हातातली दोरी’ असे लिहिले असते तर संकेत नेमका झाला असता आणि जागाही फारशी जास्त लागली नसती. शेतीच्या आणि जुन्या घराच्या वस्तूंबाबत ही हयगय वारंवार दिसते. तिफण, वखर आणि कुळव यांना सरसकट ‘शेतीचे अवजार’ म्हटले जाते, वास्तविक पहिले पेरणीचे आहे आणि उरलेली दोन मशागतीची. ज्याने या वस्तू पाहिलेल्या नाहीत, त्याच्यासाठी तर कोडे हीच त्यांची ओळख असते, म्हणून ती नीट करून द्यावी अशी अपेक्षा आहे.

दुसरी तक्रार ऱ्हस्व-दीर्घाची. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनुसार मराठीत तत्सम शब्दांच्याही शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिला जातो: कवी, मती, गुरू. समासाच्या आत मात्र तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून कवी वेगळा आणि कविराज वेगळा. कोडेकार हे सोयीनुसार विसरतो. ‘काव्य करणारा (२)’ याचे दुसरे घर आणि ‘आकाशातून प्रवास घडवणारे वाहन (३)’ याचे पहिले घर एकच ठेवले, तर ‘विमान’ बसवण्यासाठी ‘कवि’ लिहावे लागते. असे कोडे सुटत नाही असे नाही. पण एकाच घरात प्रत्येक मात्रा निर्णायक आहे असे मानून चाललेल्या माणसाने नंतर कशावर भरवसा ठेवावा, हा प्रश्न पडतो. उकार-इकार शिथिल धरले आहेत अशी एक ओळ कोड्याखाली छापली, तरी ही तक्रार मी मागे घेईन.

तिसरी तक्रार उत्तरांची. उत्तराची भरलेली चौकट दुसऱ्या दिवशी इतक्या बारीक टाइपात येते की ‘थ’ आणि ‘य’ यांत फरक करण्यासाठी भिंग घ्यावे लागते. ई-पेपरवर ती मोठी करून पाहता येते, एवढाच तेथला फायदा. प्रत्यक्ष सोडवायला छापील कागद आणि शिसपेन्सिल यांना पर्याय नाही. शाईच्या पेनाने सोडवणाऱ्यांविषयी मला आदर आहे, इतकेच म्हणतो.

उत्तर पटवून घेण्याच्या साधनांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. इंग्रजी कोड्यातला संकेत जसाच्या तसा इंटरनेटवर टाकला की उत्तर पुरवणारी संकेतस्थळे ढिगाने मिळतात. मराठी संकेत टाकून पाहिला तर बहुधा जाहिराती आणि बाळांच्या नावांच्या याद्या हाती लागतात. ही गैरसोय माझ्या पथ्यावर पडली, कारण त्यामुळे शब्दकोशांकडे वळावे लागले. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही विनामूल्य पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि अर्थाच्या मजकुरातही शोध घेता येत असल्याने उत्तर सुचत नसतानाही अर्थाकडून शब्दाकडे जाता येते. दाते-कर्वे यांच्या कोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० साली. त्यातली नोंद केवळ अर्थ सांगून थांबत नाही, त्या शब्दाचे वाक्प्रचार आणि व्युत्पत्तीही देते, आणि तेथेच पुष्कळदा ‘हे उत्तर का’ याचा उलगडा होतो. एक सावधगिरी बाळगावी लागते. हे कोश जुन्या लेखनपद्धतीचे आहेत, त्यामुळे आजचे गाव आणि पाच तेथे अनुस्वारासह ‘गांव’ आणि ‘पांच’ असे शोधावे लागतात, आणि कवी, मती यांचा शेवट ऱ्हस्व टंकावा लागतो. शब्द सापडला नाही म्हणजे तो कोशात नाही असे लगेच समजू नये. आधी अनुस्वार देऊन पाहावा.

कोड्यातला सर्वांत आनंदाचा भाग दुर्मीळ आहे, तो म्हणजे श्लेषाचे संकेत. बहुतेक संकेत सरळ समानार्थी शब्द मागणारे असतात. पण अधूनमधून, बहुधा रविवारी, कोडेकाराला हुक्की येते. या धर्तीचे संकेत मराठीत किती छान होऊ शकतात हे दाखवण्यासाठी मी जमवलेले दोन-तीन देतो. ‘घाईने आलेला ढग (३)’ याचे उत्तर जलद. ‘आठवड्यात सात, लढाईत कितीही (२)’ याचे वार. ‘बसायला, पाणी न्यायला आणि पूर्वी दुसऱ्यांदा संसार थाटायलाही (२)’ याचे पाट. तिसऱ्यात लाकडी पाट, कालव्याचा पाट आणि पाट लावणे हे तिन्ही अर्थ एका संकेतात नांदतात. असे संकेत रचणाऱ्याला मराठीत एक अडचण असते, ती लिंगाची. ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ लिहिताच अर्धे उत्तर फुटते, म्हणून कसलेला कोडेकार सर्वनाम आणि लिंग दाखवणारे क्रियापद दोन्ही टाळून वाक्य रचतो. सोडवणाऱ्याने नेमके उलट करावे: संकेतात ‘लागते’ आहे की ‘लागतो’ हे आधी पाहावे. ‘विहिरीतून पाणी काढायला लागतो (३)’ म्हटले की पोहरा पुल्लिंगी असल्याने बसतो, आणि घागर आपोआप बाद होते.

म्हणींच्या रिकाम्या जागा भरणे हा सर्वांत सोपा प्रकार, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेथूनच आरंभ करावा. ‘आडात नाही तर … कोठून’ किंवा ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती राहिले …’ यांना छेदाची गरज नसते, आणि धुपाटण्याची ‘धु’, ‘पा’, ‘ट’, ‘णे’ ही चार घरे भरली की कोपऱ्यातले उभे शब्द हलायला लागतात. शाळकरी मुलांना मी हे कोडे देईन ते म्हणींपुरतेच. बाकीच्या संस्कृत शब्दांनी ती बिचकतात. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र ई-पेपर आणि वरचे दोन कोश एवढ्यावर हा उद्योग घरबसल्या करता येईल, आणि त्यांनी तो करून पाहावा अशी शिफारस करतो.

मी कोडे पुढेही सोडवणार आहे. कोडेकारांकडे मागणी एकच आहे: रोजच्या उत्तरांपैकी निदान दोन शब्दांपुढे ते उत्तर का, हे एका ओळीत छापावे. जागा नाही ही सबब चालणार नाही. कोड्याला लागूनच राशिभविष्य छापलेले असते. त्यातून प्रत्येक राशीचे दोन-दोन शब्द कमी केले तरी ओळी निघतील, आणि एकाही राशीला फरक पडणार नाही.